चार बोटं दूर

आधी हा नीट धर, नोल्बेर्तो.
अँटेनाला नव्हे! मेला उंदीर शेपटीला धरून उचलतात,
वॉकी-टॉकी नाही. मधोमध धर,
आणि ते काळं टोक डोळ्यापासून लांब ठेव;
होडी हलली की काय कुठे घुसेल सांगता येत नाही.

ओठांपासून चार बोटं दूर.
माझी नव्हे, तुझी मोज.
ओरडू नकोस. ओरडलेलं पलीकडे
फाटक्या शिडासारखं पोहोचतं.
बटण दाब. मग एक श्वास थांब.
थांबला नाहीस तर पहिला शब्द पाण्यात,
आणि आपल्या खाडीत पहिला शब्द
बहुतेक कुणाचं तरी नाव असतो.

बोलून झालं की म्हण, कांबिओ.
म्हणजे बदल. म्हणजे आता तुझी पाळी.
म्हणजे मी तोंड मिटलं, कान उघडले.

डिझेल भरताना बंद.
ओली बॅटरी चार्जरला लावायची नाही,
चुलीवर वाळवायचीही नाही, तिथे तुझे मोजे वाळव.
जादा बॅटरी सदऱ्याच्या आत, छातीशी.
तिलाही ऊब लागते.

एवढं सगळं पुस्तिकेत आहे. पुढचं नाही.

ऑगस्ट होता, ऐन हिवाळा, उत्तरेचा वारा.
मी बटाटे सोलत होते,
हा एप्रनच्या खिशात,
आणि मी टेबलाच्या कडेला पोट टेकून उभी.
कडेने बटण दाबलं. दाबलेलंच राहिलं.
चाळीस मिनिटं
सगळ्या खाडीने माझं स्वयंपाकघर ऐकलं.
सुरी, सालं, कढईतली चरबी,
मांजराला दिलेल्या शिव्या,
आणि ते गुणगुणणं,
जे मी गुणगुणते हे मलाच माहीत नव्हतं.

एकाचं बटण दाबलेलं असलं
की दुसऱ्याला जागाच उरत नाही.
मी बोलतसुद्धा नव्हते रे. नुसती होते.

किंचाओ बेटाच्या मागे
तुझ्या काकाच्या बोटीची फळी उचकटली होती.
तो बटण दाबायचा,
एक श्वास थांबायचा,
नाव सांगायचा, जागा सांगायचा, कांबिओ म्हणायचा,
आणि बटण सोडलं
की मी, कांदा चिरत.
सोळा नंबरवर गेला. मध्ये डोंगर.
परत आला. मी मांजराशी बोलत होते.

पहाटे शिंपल्यांच्या तराफ्यावरच्या पोरांनी
त्याला पाण्यातून ओढून काढलं.
एक बोट गेली.
थंडीने दोन बोटं गेली.
जीव मुठीत धरून आला, म्हणतात ना,
ती तीन बोटांची मूठ
चमचा उचलते तेव्हा मी
मुद्दाम पाणी आणायला उठते.

एरास्मोने मला कधी दोष दिला नाही.
एकदाच, खूप दिवसांनी, पावाचा तुकडा मोडता मोडता म्हणाला,
तुझा आवाज येत होता, म्हणून डोळा लागला नाही.
खरंही असेल.
मला बरं वाटावं म्हणूनही असेल.
विचारायची माझी हिंमत झालेली नाही,
आणि त्याला नऊ वर्षं झाली.

तर हा लाल दिवा बघ.
तू बोलत नसताना हा पेटलेला दिसला
तर समज, तू कुणाचा तरी गळा दाबून उभा आहेस.
खिशात कोंबू नकोस. बुडाखाली घेऊन बसू नकोस.
पट्ट्याला अडकव, बटण बाहेरच्या बाजूला,
आणि येता जाता हात लावून बघ,
दाराची कडी बघतो तसं.

जा आता, मेंढ्यांच्या कुंपणापलीकडे जा,
मी दिसणार नाही इतका लांब.
तिथून मला हाक मार.
काय वाटेल ते बोल, हवामान सांग, खोटं सांग,
कांबिओ म्हण,
आणि मग, नोल्बेर्तो,
बोट उचल.